बावीस देशांचा मान

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावरून उतरलेला टेरी टॉवेल धुतला जातो, वाळतो, त्याच्या कडा शिवल्या जातात आणि डझनाच्या हिशेबानं तो खोक्यात बसतो. खोकी कंटेनरमध्ये भरली जातात, कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे निघतो. आखाताकडे जाणाऱ्या अशा मालाच्या कागदांवर उतरण्याचं ठिकाण म्हणून पुष्कळदा एकच नाव असतं, जेबेल अली. दुबईचं हे बंदर म्हणजे सगळ्या आखाताची घाऊक पेठ. तिथला व्यापारी तेच खोकं पुढे मस्कतला पाठवतो, कुवेतला पाठवतो, ट्रकवर चढवून वाळवंटातून रियाधला पाठवतो. सांगोल्याचं भगवा डाळिंब आणि करमाळ्याच्या कंदर भागातली केळीही आखातात पोहोचतात.

आता दुबईत उतरलेला टॉवेल शेवटी कुवेतमध्ये विकला गेला, तर आयातकर कोणाला मिळायचा? आणि तो दोन्हीकडे भरायचा का? नियम असा, की कर एकदाच भरायचा. तो दुबईच्या बंदरात वसूल होतो आणि जातो कुवेतच्या तिजोरीत. ज्यांनी आपल्या शहराच्या वेशीवरचे जकात नाके पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. नाक्यावर एकदा पावती फाडली, की माल नवी पेठेत उतरो की टिळक चौकात, आत कोणी पुन्हा अडवत नसे. सहा स्वतंत्र देशांनी मिळून १ जानेवारी २००३ रोजी असा एक सामायिक नाका उभा केला. बहुतेक मालाला ५ टक्के कर ठरला. सहांपैकी ज्या दारातून माल आत येईल तिथे तो भरायचा, आणि मग ज्या देशात माल वापरला जाणार त्याच्या खात्यावर ती रक्कम वळती करायची. या वळतं करण्याच्या व्यवस्थेला अरबीत ‘मकास्सा’ म्हणतात.

मला हे फार मोठं काम वाटतं. आपल्या सीमेवर कोणता माल किती कर भरून आत यावा हे ठरवणं म्हणजे राज्यसत्तेचा गाभा. तो अधिकार शेजारच्या देशातल्या कारकुनाच्या हातात देणं, त्यानं लावलेल्या शिक्क्यावर विश्वास ठेवणं, हे एकमेकांबद्दल मनात बऱ्याच अढी असलेल्या सहा राजघराण्यांनी केलं. ज्या संस्थेच्या छताखाली केलं ती आखात सहकार्य परिषद. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान हे तिचे सहा सदस्य.

अरब देशांच्या संघटनांविषयी आपल्या वर्तमानपत्रांत बातमी येते ती बहुधा बावीस देशांच्या अरब लीगची. बैठक झाली, निषेधाचा ठराव झाला, पुढे काही घडलं नाही, अशी तिची ठरलेली चाल. ही बातमी खोटी नसते, पण त्यामुळे चित्र अर्धवट राहतं. या संघटना कुठे थबकणार ते त्यांच्या सनदेतच लिहून ठेवलेलं आहे. आणि जिथे त्या चालतात तिथे इतक्या मुकाट्यानं चालतात की त्याची बातमीच होत नाही.

आधी थबकण्याचं पाहू. साखर कारखाना, दूध संघ, गावची सोसायटी यांमुळे सोलापूर जिल्ह्यात सहकाराचा नियम घरोघरी ठाऊक आहे. सभासदाचे शेअर कितीही असोत, त्याला मत एकच. अरब लीगचंही तसंच. सौदी अरेबियाला एक मत आणि हिंदी महासागरातल्या कोमोरोस बेटांनाही एक मत. १९९३ मध्ये सदस्य झालेल्या या बेटांची लोकसंख्या साधारण आपल्या सोलापूर शहराएवढी आहे. इथवर सहकारी सोसायटी आणि अरब लीग यांच्यात फरक दिसत नाही.

फरक पुढे आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव झाला, की विरोधात हात वर केलेल्या सभासदालाही तो पाळावा लागतो. लीगच्या सनदेतलं सातवं कलम याच्या बरोबर उलट सांगतं. एकमतानं झालेला निर्णय सगळ्यांवर बंधनकारक आहे. बहुमतानं झालेला निर्णय मात्र ज्यांनी तो मान्य केला त्यांच्यापुरताच बंधनकारक आहे. म्हणजे बावीसपैकी एकवीस देश एका बाजूला असले तरी बाविसावा आपल्या घरी जाऊन आपल्या मनासारखं करू शकतो, आणि त्यानं सनद मोडली असं कोणी म्हणू शकत नाही.

असं कलम का घातलं असेल? सनद तयार झाली तो काळ आठवला की उलगडा होतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये अलेक्झांड्रिया शहरात प्राथमिक मसुदा झाला, आणि २२ मार्च १९४५ रोजी कैरोत इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन, सौदी अरेबिया आणि सीरिया यांनी सनदेवर सह्या केल्या. मे महिन्यात येमेन आला. यांतले कित्येक देश ब्रिटिश किंवा फ्रेंच सत्तेखालून नुकते सुटत होते, काही पुरते सुटलेही नव्हते. सगळ्या अरबांचं एकच राज्य व्हावं असं एका बाजूनं जोरात बोललं जात होतं, आणि दुसऱ्या बाजूनं त्याच कल्पनेची धास्ती होती. छोट्या लेबनॉनला वाटत होतं की एकीच्या नावाखाली सीरिया आपल्याला गिळेल. म्हणून अलेक्झांड्रियाच्या मसुद्यात लेबनॉनच्या स्वातंत्र्याचा आदर करणारा खास ठराव घालावा लागला. जॉर्डन आणि इराकमधलं हाशमी घराणं आणि सौदी घराणं यांचं तर जुनं वैर, कारण सौदींनीच हाशमींना मक्केतून हुसकलं होतं. वाटणी होऊन वेगळी चूल मांडलेले भाऊ पुन्हा एका ओसरीवर बसले, तर पहिली अट कोणती घालतील? माझ्या घरात कोणी लुडबूड करायची नाही. सातवं कलम ही तीच अट आहे.

कामकाजाची रचना सोपी आहे. कैरोच्या तहरीर चौकाजवळ मुख्यालय आहे. परराष्ट्रमंत्र्यांची परिषद मार्च आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा बसते, आणि २००० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद दरवर्षी भरते. महासचिव दोन-तृतीयांश मतांनी पाच वर्षांसाठी नेमला जातो. अब्दुल रहमान अझ्झाम हे पहिले, इजिप्तचे. त्यांच्यानंतरही जवळजवळ सगळे इजिप्तचेच झाले. याला जो एक अपवाद आहे त्यामागे एक मोठं भांडण आहे. १९७९ मध्ये इजिप्तनं इस्रायलशी शांतता करार केला. बाकीच्यांनी इजिप्तचं सदस्यत्व स्थगित केलं आणि मुख्यालय उचलून ट्युनिसला नेलं. महासचिवही ट्युनिशियाचे शाझली क्लिबी झाले. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, इजिप्तला परत घेतलं आणि पुढच्या वर्षी मुख्यालय कैरोला परतलं. दरम्यान इजिप्तनं करार मागे घेतला नव्हता. वाळीत टाकणं हे लीगच्या हातातलं सगळ्यात कडक हत्यार. लिबियावर ते फेब्रुवारी २०११ मध्ये चाललं, सीरियावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि मे २०२३ मध्ये सीरिया पुन्हा आपल्या खुर्चीवर बसला. ज्या राजवटीसाठी त्याला बाहेर काढलं होतं ती तेव्हाही तीच होती.

सातव्या कलमाची खरी परीक्षा ऑगस्ट १९९० मध्ये झाली. २ तारखेला इराकनं कुवेत गिळंकृत केला. एका सदस्यानं दुसरा सदस्यच नकाशावरून पुसून टाकायला घेतला होता. १० तारखेला कैरोत तातडीची शिखर परिषद भरली आणि सौदी अरेबियाच्या रक्षणासाठी अरब सैन्य पाठवण्याचा ठराव १२ मतांनी संमत झाला. मग ज्यांनी तो मान्य केला त्या इजिप्त, सीरिया, मोरोक्को यांनी सैन्य पाठवलं. ज्यांनी केला नाही त्यांनी नाही पाठवलं. लीगचे सरळ दोन तुकडे झाले. त्या आठवड्यांत कुवेतमध्ये अडकलेल्या भारतीयांचे तांडे इराकमधून जॉर्डनच्या वाळवंटात पोहोचत होते, आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईत आणत होती. दीड लाखाहून अधिक माणसं त्या उड्डाणांनी परतली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अजून त्या दिवसांची आठवण निघते, ती वाळवंटातल्या तंबूंची आणि सहार विमानतळावर वाट पाहत घालवलेल्या रात्रींची असते. एका संघटनेच्या सनदेतल्या एका वाक्याचा भार किती दूरवर पोहोचतो, हे मला तिथे दिसतं.

तरीही लीगच्या ठरावाला वजन नसतं असं म्हणणं चुकीचं होईल. १२ मार्च २०११ रोजी लीगनं लिबियावर विमानबंदी लागू करा अशी मागणी संयुक्त राष्ट्रांकडे केली आणि पाचच दिवसांत सुरक्षा परिषदेनं तसा ठराव केला. स्वतःकडे फौज नसलेली संघटना इतरांच्या फौजेला दार उघडून देऊ शकते. त्यातून लिबियाचं पुढे जे झालं ते पाहता ही ताकद हलक्या हातानं वापरण्यासारखी नाही.

आखात सहकार्य परिषद जन्मली ती वेगळ्या भीतीतून. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, सप्टेंबर १९८० मध्ये इराक-इराण युद्ध पेटलं, आणि मधल्या चिंचोळ्या समुद्राकाठी बसलेल्या सहा तेलसंपन्न राजवटींना आपण किती उघड्यावर आहोत ते जाणवलं. २५ मे १९८१ रोजी अबुधाबीत त्यांनी सनदेवर सह्या केल्या. सचिवालय रियाधला ठेवलं. (हा किनारा आपल्याला परका नव्हता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा छापत असे, आणि १९६० च्या दशकात एकेका संस्थानानं आपलं चलन काढेपर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चाले.)

सहा राजांच्या सर्वोच्च परिषदेचं अध्यक्षपद फिरतं असतं, आणि सनद सांगते की ते देशांच्या नावांच्या अरबी वर्णक्रमानं फिरावं. कोणाला वाटेल, ही काय सांगायची गोष्ट. पण संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तसं वाटणार नाही. पहिल्या मानाची काठी कोणाची, तिच्यामागे कोणाची, हा क्रम ठरलेला आहे म्हणून अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा लाखोंच्या गर्दीत शांतपणे पूर्ण होते. क्रम दरवर्षी नव्यानं ठरवायचा असता तर पहिली काठी हलायलाच रात्र झाली असती. सर्वांत श्रीमंत, सर्वांत मोठा, सर्वांत जुना यांपैकी कोणी पुढे बसायचं हा वाद वर्णमालेनं मिटवला.

महत्त्वाच्या विषयांवर इथेही एकमत लागतं. वाद झाला तर तो सोडवायला कायमचं न्यायालय नाही. प्रत्येक वादापुरता एक आयोग सर्वोच्च परिषदेनं नेमायचा असतो. याची किंमत जून २०१७ मध्ये कळली. ५ तारखेला सौदी अरेबिया, अमिराती आणि बहारीन यांनी इजिप्तसह कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद केली, आकाश बंद केलं, बंदरं बंद केली. सनदेतला तो आयोग बसलाच नाही. वाद सुटावा म्हणून राबले ते कुवेतचे वृद्ध अमीर शेख सबाह, आणि तेही परिषदेच्या यंत्रणेतून नाही, वडीलधाऱ्या माणसाच्या नात्यानं, एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जाऊन. साडेतीन वर्षांनी, ५ जानेवारी २०२१ रोजी, सौदी अरेबियातल्या अल-उला इथे समेट झाला तेव्हा शेख सबाह हयात नव्हते.

जेबेल अलीहून कतारला जाणारा माल संबंध तुटले त्या दिवसापासून थांबला होता. एकाच नाक्याची व्यवस्था एका रात्रीत मोडली. कतारनं ओमानच्या सोहार आणि सलाला बंदरांतून वाट काढली आणि आपल्या नव्या हमद बंदरातून थेट मुंद्रा आणि न्हावा-शेवाला जहाजसेवा सुरू केली. ज्यांचा माल आधी दुबईमार्गे दोह्याला जाई त्यांच्यासाठी ही नवी, सरळ वाट होती. एवढ्या कडव्या भांडणातही कतारहून समुद्राखालच्या डॉल्फिन वाहिनीतून अमिरातीला जाणारा नैसर्गिक वायू मात्र एक दिवसही बंद पडला नाही.

राजकीय परिषदांच्या सावलीत या देशांनी कामापुरत्या संस्था उभ्या केल्या. त्यांत मतदान क्वचित होतं आणि अभियंते, रसायनतज्ज्ञ, हिशेबनीस जास्त असतात. अरब देशांचा सामायिक उपग्रह ‘अरबसॅट’ १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनं १९८५ मध्ये अवकाशात सोडला. इजिप्त तेव्हा लीगबाहेर होता, तरी काम थांबलं नाही. कुवेतमधला अरब निधी रस्ते, धरणं आणि वीज यांसाठी गरीब अरब देशांना कर्ज देतो. लीगच्या आर्थिक परिषदेनं १९९७ मध्ये ठरवलेलं मोठं अरब मुक्त व्यापार क्षेत्र १ जानेवारी २००५ पासून बऱ्याचशा सदस्यांमध्ये शून्य कराचं झालं. त्याची अट अशी की मालाच्या किमतीतला किमान ४० टक्के वाटा अरब भूमीवर निर्माण झालेला असावा. सोलापूरचा टॉवेल दुबईत नुसती पिशवी बदलून अरबी होत नाही.

आखातातल्या सहा देशांच्या वीजवाहिन्या २००९ पासून टप्प्याटप्प्यानं एकमेकींना जोडल्या गेल्या. एकाच्या केंद्रात बिघाड झाला तर शेजारी वीज पुरवतो. आखाती मानकीकरण संस्था वस्तूंचे नियम लिहिते. पाकीटबंद खाद्यपदार्थावर अरबी मजकूर हवा, खेळण्यावर आणि घरगुती विजेच्या उपकरणावर ठरलेली खूण हवी, असे हे नियम असतात. या संस्थेत सहांबरोबर येमेनही बसतो, जो आखात परिषदेचा सदस्य नाही. शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट सोलापूरहून आखातातल्या दुकानात पाठवायचं तर घटक, तारीख, वजन हे सगळं अरबीत छापावं लागतं. कैरोत आज कोणता ठराव झाला याच्याशी त्या पाकिटाचा संबंध येत नाही. रियाधमधल्या एका तांत्रिक समितीनं लिहिलेल्या ओळींशी मात्र रोज येतो.

या कामाच्या संस्थांनाही एक रेषा ओलांडता आलेली नाही, ती पैशाची. २०१० पर्यंत एक चलन आणायचं असं सहांनी ठरवलं होतं. ओमान आधीच बाजूला झाला. मे २००९ मध्ये सामायिक बँकेचं ठिकाण रियाध ठरलं आणि अमिराती बाहेर पडली. त्या चलनाचं पुढे काही झालं नाही.

सामायिक नाक्यालाही हल्ली चिरा पडू लागल्या आहेत, आणि सोलापूरच्या कारखानदारानं बारकाईनं पाहावं असं काही असेल तर ते इथे. जून २०२० मध्ये सौदी अरेबियानं पुष्कळ वस्तूंवरचा कर ५ टक्क्यांच्या वर नेला. जुलै २०२१ मध्ये त्यानं आखाती शेजाऱ्यांच्या मुक्त क्षेत्रांत बनलेल्या मालाला सवलतीतून वगळलं, आणि जेबेल अली हे अशा क्षेत्रांपैकी सगळ्यात मोठं. रियाधला दुबईच्या पेठेवर अवलंबून राहायचं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. दुसरीकडून अमिरातीनं स्वतंत्र करार करायला सुरुवात केली. भारतानं आखात परिषदेशी २००४ मध्ये आर्थिक सहकार्याचा चौकट करार केला होता. मुक्त व्यापाराच्या चर्चेच्या दोन फेऱ्या २००६ आणि २००८ मध्ये झाल्या आणि मग सगळं थांबलं. अखेर भारतानं एकट्या अमिरातीशी करार केला, आणि १ मे २०२२ पासून तिथे आपल्या टॉवेलवरचा ५ टक्के कर शून्य झाला. डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशीही तसाच करार झाला. सहांच्या एका भिंतीला असं एकेक दार पडत गेलं, तर ती भिंत एकच राहते का, असा प्रश्न रियाधच्या सचिवालयापुढे आहे. अमेरिकेनं २००४ मध्ये बहारीनशी वेगळा करार केला तेव्हाही सौदी अरेबियानं हीच तक्रार केली होती.

म्हणून आज खोकं भरताना शेवटच्या मुक्कामाचा रकाना घाईघाईनं भरून चालत नाही. टॉवेल दुबईतच विकला जाणार असेल तर उत्पत्तीचा दाखला जोडायचा आणि कर शून्य. तोच टॉवेल जेबेल अलीत उतरून पुढे दम्माम किंवा कुवेतला जाणार असेल तर भारत-अमिराती कराराची सवलत त्याच्यासोबत जात नाही, त्या देशाचा कर लागतो. तोच ओमानला जाणार असेल तर ओमानशी झालेला वेगळा करार पाहावा लागतो. खोक्याच्या बाजूवर छापलेला मजकूर मात्र सहाही देशांत एकाच अरबीत वाचला जातो.